सर्वानुमते हिरवा

चेन्नईतल्या वेस्ट मांबलममधल्या एका अपार्टमेंटच्या असोसिएशनने बोअरवेलचं पाणी तपासून घ्यायचं रीतसर ठरवलं आणि ते काम तिथेच राहणाऱ्या देविकाच्या गळ्यात पडलं. ती गिंडीतल्या एका छोट्या कारखान्यात रंग बदलणाऱ्या पट्ट्या बनवायची. पिवळी पट्टी पाण्यात बुडवायची. फ्लोराइड जास्त असेल तर ती लाल होते. देविकाला तर घाईच होती, कारण तिच्या लेकीचे, कीर्तीचे, नवे दात आले ते तपकिरी डाग घेऊनच.

पट्टी लालभडक झाली.

"अय्यो, केवढा मंगल रंग!" सेक्रेटरी राघोत्तमरावांच्या पत्नी भवानीबाई म्हणाल्या. त्यांच्या तंजावरी घरात ओवाळायला हळदीच्या पाण्यात चुना घालतात, तेही असंच लाल होतं. "आपल्या बिल्डिंगची दृष्ट निघाली की हो!"

"दृष्ट नाही, फ्लोराइड आहे," देविका म्हणाली. "मुलांचे दात खराब होताहेत. फिल्टर बसवायला हवा."

राघोत्तमरावांची उभी हयात सरकारी कचेरीत गेलेली. ठराव कशावर करता येतो आणि कशावर नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "बाई, पाणी जमिनीचं. त्यावर आपला अधिकार नाही. पट्टी मात्र तुमची आहे की!"

ठराव झाला: लाल रंगामुळे रहिवाशांत घबराट पसरते, सबब सौम्य रंग योजावा. देविकाने गुलाबी करून आणला. गुलाबी हा लालाचाच भाऊबंद, अशी हरकत निघाली. मग हिरवा, सर्वानुमते. कारखान्याच्या मालकांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी विरोध करणाऱ्या देविकाला बढती देऊन टाकली. त्यानंतर तिचा विरोध बराच सौम्य झाला.

हिरव्या पट्टीचं थाटात उद्घाटन झालं. भाषणं करून कमिटीचे घसे कोरडे पडले, तेव्हा सर्वांसाठी बाहेरून कॅनचं पाणी मागवण्यात आलं.

पोंगलला असोसिएशनचा फोटो काढायचा होता. मुलं पुढच्या रांगेत खिदळत बसली आणि फोटोग्राफर थबकला. "सार, मुलांचे दात..."

राघोत्तमरावांनी तिथल्या तिथे ठराव मांडला की मुलांनी तोंडं मिटावीत. भराभर हात वर झाले.

कीर्तीला काही हसू आवरेना. "आई, हसले तर काय होतं?"

देविकाला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. "एवढा फोटो होऊ दे गं," ती म्हणाली, "मग हस हवं तेवढं."

फोटो छान आला. सगळी मुलं शहाण्यासारखी तोंड मिटून बसली आहेत, आपल्यासारखी.