घेणेकऱ्यांची पंगत

आमच्या ह्यांनी सक्करदऱ्याला कुलरचं दुकान काढलं, त्या दिवशी मी रामटेकच्या रामाला बोलले होते, की देवा, दुकान चालू दे, मी पाच मेहुणं जेवू घालीन. दुकान चाललं. मेहुणं मात्र राहिली. एका वर्षी नणंदेचं बाळंतपण आलं, एका वर्षी घराला रंग द्यायचा होता, आणि एका वर्षी, खरं सांगते, मी विसरलेच. राम सोशिक. त्याने कधी तगादा लावला नाही. (तगादा लावणारे दुसरे होते, ते पुढे येतीलच.)

मग गेल्या वर्षी मे महिन्यात पाऊस पडला. एकदा नाही, सारखा पडला. नागपुरात मे महिन्यात लोक पांघरूण घेऊन झोपले. सगळं शहर म्हणालं, काय छान उन्हाळा गेला. आम्ही दोघंच तेवढी खिडकीत बसून आभाळाकडे रागाने पाहत होतो. ह्यांनी बँकेचं कर्ज काढून हंगामाच्या आधीच माल भरला होता. दिवाळी आली तरी कुलर जागचे हलले नाहीत, आणि थंडी पडल्यावर ह्यांनी जेवता जेवता ताटाकडे पाहून सांगितलं, "उत्तरा, आता नादारीचा अर्ज करा लागते."

नादार म्हणजे घरासमोर नगारा वाजतो आणि भांडी रस्त्यावर काढतात, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. रात्रभर मी मनातल्या मनात भांडी मोजली.

दुसऱ्या दिवशी आम्ही वकिलाकडे गेलो. वकील म्हणजे आमच्याच गल्लीत वाढलेली मुग्धा. हळदीकुंकवाला आईच्या कडेवर येऊन तिळाचे लाडू मागायची, ती आता काळा कोट घालून समोर बसली होती.

"काका, पहिली गोष्ट, काही लपवायचं नाही," ती म्हणाली. "गेल्या दोन वर्षांत काकूंच्या नावावर, कुणाच्याही नावावर काही केलंय का?"

"नाही," हे म्हणाले.

मी शाळेतल्यासारखा हात वर केला. "माझ्या बांगड्या आहेत. लग्नातल्या."

"ते स्त्रीधन, काकू. ते तुमचंच. फक्त आता इकडेतिकडे ठेवायला देऊ नका. एक गोष्ट लपलेली सापडली, की खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही."

(बांगड्या मी त्याच सकाळी तांदळाच्या डब्यात पुरल्या होत्या. घरी गेल्यावर आधी त्या काढल्या, मग चहा ठेवला.)

"अन् भांडी?"

"स्वयंपाकाची भांडी, कपडे, अंथरूण-पांघरूण कोणी नेत नाही."

मला एवढा धीर आला, की पुढचं मी फार उत्साहाने ऐकायला लागले. तिथेच चुकलं.

मुग्धा म्हणाली, "आता सगळ्यात महत्त्वाचं. अर्जाच्या तोंडावर एकालाच गुपचूप पैसे द्यायचे आणि बाकीच्यांना टांगून ठेवायचं, हे चालत नाही. कोर्ट ते परत घ्यायला लावू शकतं. घेणेकरी सगळे सारखे. कोणाकोणाचं आहे?"

हे सांगत गेले. गोदामाचे मालक मारोतराव. मोटारी आणि पंप देणारा दुर्गेश. भिशीवाल्या कौशल्याबाई. आणि बँक. मला काही लिहून घ्यावं लागलं नाही. हळदीकुंकवाला कोणाला बोलवायचं, कोण रुसेल, हे सगळं वर्षानुवर्षं डोक्यात ठेवणाऱ्या बाईला एवढी नावं म्हणजे काहीच नाही. पण एक नाव राहिलं होतं.

"मुग्धा, देवाचं देणं कुठं लिहायचं?"

"कोणत्या देवाचं?"

"रामटेकच्या."

ह्यांनी डोळे मिटून घेतले. मी नवसाचं सांगितलं. मुग्धाने पेन खाली ठेवलं. "काकू, रामाने तुमच्याकडून काही लेखी घेतलंय का?"

"नाही. मी तोंडीच बोलले होते."

"मग तोही बाकीच्यांसारखाच. त्याला आधी आणि इतरांना मागून, असं नाही करता येणार."

ती हसत म्हणाली. मला ते हसणं दिसलं, पण मला वाटलं लहानपणीची ओळख म्हणून हसते आहे. कायदा म्हणून तिने जे सांगितलं, ते मी पदराला गाठ मारून घेतलं.

मग तिने विचारलं, "बँकेच्या कर्जाला जामीन कोण आहे?"

"माझा साळा. ऋषी," हे म्हणाले.

मुग्धाने खुर्ची पुढे ओढली. "काका, तुम्ही नादार ठरलात तरी जामीनदार सुटत नाही. बँक त्याच्याकडे जाईल."

ऋषी माझा धाकटा भाऊ. जुन्या नागपुरात, महाल भागात त्याचं दोन खोल्यांचं घर आहे आणि त्याच्या मुलीचं, खुशीचं लग्न ठरलेलं आहे. ह्यांनी कागद पुढे केला तेव्हा त्याने वाचलासुद्धा नव्हता. "ताईचे मालक आहेत, वाचायचं काय," असं म्हणून त्याने सही केली होती.

येताना स्कूटरवर मी ह्यांना म्हटलं, "ऋषीले सांगा लागते."

"आत्ताच नको वं. पाहू काही होते तर."

"काय होते? मे महिना येते का डिसेंबरात?"

ह्यांनी सिग्नल नसताना ब्रेक दाबला.

आता माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते समजून घ्या. नादार झाल्यावर नवस फेडता येणार नाही, म्हणजे आधीच फेडला पाहिजे. पण रामाचं एकट्याचं आधी फेडलं, तर ते बेकायदेशीर. सगळे घेणेकरी सारखे. मग उपाय एकच. नवसाच्या पंगतीला सगळे घेणेकरीच मेहूण म्हणून बसवायचे. रामाचंही फिटलं, आणि कोणी कोणाच्या पुढे गेलं नाही. मारोतराव आणि त्यांची बायको, दुर्गेश आणि त्याची बायको, कौशल्याबाई आणि त्यांचे मालक. मुग्धाची फी द्यायची होती, म्हणून ती आणि तिचा नवरा. आणि ऋषी व माझी वहिनी. बरोबर पाच मेहुणं. हिशोब इतका चपखल बसला, की मला वाटलं रामानेच बसवला. (रामाला यात ओढायला नको होतं, हे आता कळतं.)

ह्यांना मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते नको म्हणाले असते, आणि मग मला त्यांचं ऐकावं लागलं असतं.

कुंकू लावून मी घरोघर बोलावणं केलं. कौशल्याबाईंनी दारातच विचारलं, "काहून वं उत्तरा, भिशीचे पैसे द्याले नाहीत म्हणते तुया नवरा, अन् मेहुणं कायची जेवू घालते?"

"नवसाचं आहे, बाई. देवाचं बी देणंच आहे."

"अस्सं. मग देवापाठोपाठ माया नंबर लाव."

रविवारी सकाळी हे अकाउंटंटकडे कागद आणायला गेले आणि मी पदर खोचला. पुरण, वडाभात, कढी, पाटोडीचा रस्सा. घरात कुलरचे दोन नमुने होते, ते भिंतीला सरकवून पाटांना जागा केली. मंडळी आली. मी पाय धुतले, कुंकू लावलं, ताटं वाढली. ऋषी माझ्याकडे पाहून हसला तेव्हा मला त्याच्या डोळ्यांत पाहवेना. मी त्याला तूप जास्त वाढलं.

तेवढ्यात बेल वाजली. बँकेच्या वसुलीचा गौरांग दारात उभा होता. कागदांची बॅग, गळ्यात ओळखपत्र. "काकू, साहेब आहेत का?"

मी विचार केला, बँक तेवढी राहिलीच होती. "लग्न झालंय का तुमचं?"

तो गोंधळला. "नाही."

"मग मेहूण नाही होत. पण बटू लागतोच. या, पाय धुवा."

त्याने पाय धुतले. वसुलीला गेल्यावर लोक त्याला काय काय म्हणत असतील, पण पाय धुवून कोणी पाट दिला नसावा. तो मुकाट्याने बसला.

पहिल्या वाढीपर्यंत सगळं देवाच्या दारात असल्यासारखं शांत होतं. मग दुर्गेशने ह्यांचं नाव घेऊन मारोतरावांना सहज विचारलं, "काकाजी, तुमी श्रीधरभाऊचे नातेवाईक का?"

"नाई गा. गोदाम हाये मायं. त्यायच्याकडे भाडं अटकलं हाये."

दुर्गेशचा घास हातातच राहिला. "तुमचं बी हाये? मले तर म्हणे, फक्त तुयंच एक राहिलं."

"मलेही तसंच सांगतलं," मारोतराव म्हणाले.

कौशल्याबाईंनी वाटी खाली ठेवली. "मले तर देवाची शप्पथ घेऊन सांगतलं होतं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातात पुरणाचं पातेलं घेऊन उभी. मुग्धाने कपाळाला हात लावला. "काकू, ही सगळी माणसं तुम्ही एकत्र बोलावलीत?"

"तूच म्हणाली होतीस ना, सगळे सारखे."

"काकू, ते कोर्टात हो."

नेमके तेव्हाच हे आले. दारात एवढ्या चपला पाहून त्यांना वाटलं, घरात कोणीतरी गेलं. डोळे पुसत आत आले आणि समोर पंगत पाहिली. मारोतराव, दुर्गेश, कौशल्याबाई, बँक. त्यांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं, आता खरंच कोणीतरी जाईल.

"बसा भाऊ," दुर्गेश म्हणाला. "तुमचंच जेवण चाललं आहे."

हे बसले नाहीत. कुलरला टेकून उभे राहिले. बोलायचं मलाच होतं. मला भाषण येत नाही. मला फक्त कहाणी सांगता येते, म्हणून मी ती कहाणी सांगतात तशी सांगितली. अर्ज करायचा विचार आहे. अर्ज झाला की जे काही उरलं असेल ते कोर्टाच्या ताब्यात जाईल आणि विकून सगळ्यांत वाटलं जाईल. त्याला किती दिवस लागतील ते मुग्धालाही सांगता येत नाही. ह्यांनी सगळ्यांना खोटं सांगितलं, ते भीतीने सांगितलं. "अन् ऋषी," मी म्हटलं, आणि पातेलं खाली ठेवलं. "तू जामीन आहेस. हे नादार झाले तरी तू सुटत नाहीस. हे मला चार दिवसांपासून माहीत आहे, अन् मी तुला पुरण वाढून राहिली."

माझ्या वहिनीने ऋषीच्या ताटाकडे पाहिलं आणि जेवायची थांबली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की मी काय करून बसले आहे. उद्या सकाळी हे सगळे आपापल्या वकिलाकडे पळणार, आणि खुशीच्या लग्नाआधी बँक महालात पोहोचणार.

"पण कुलर आहेत कुठं सगळे?" गौरांगने विचारलं. बटूने एवढ्या वेळात पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं.

"माया गोदामात," मारोतराव म्हणाले. "कुलूप लावून ठेवलं. भाडं आलं की खोलीन."

"मग उन्हाळ्यात विकाचे कसे त्यायनं?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"मोटारी तर मी परत नेल्या," दुर्गेश म्हणाला. "पैसे नाई तर माल नाई."

कौशल्याबाईंनी एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. "म्हणजे एकापाशी कुलरचे पत्रे अन् दुसऱ्यापाशी मोटारी. अन् तुमी दोघं बी वाट पाहून राहिले का श्रीधरभाऊनं हवेत कुलर विकावा?"

दुर्गेश मान खाली घालून वडा कुस्करायला लागला. मारोतराव म्हणाले, "मले काय माहीत, यानं मोटारी नेल्या म्हणून."

"मले काय माहीत, तुमी कुलूप ठोकलं म्हणून."

त्यांना कसं माहीत असणार. प्रत्येकाला वाटत होतं, आपलंच एकट्याचं राहिलं आहे.

पुढचं सगळं मुग्धाने हातात घेतलं. ताट बाजूला सारून ती म्हणाली, अर्ज आपण फाडत नाही, थांबवतो. मारोतरावांनी कुलूप काढायचं, दुर्गेशने मोटारी बसवायच्या, फेब्रुवारीपासून विक्री सुरू. जे येईल ते सगळ्यांत प्रमाणात, बँकेलासुद्धा, कोणालाही आधी नाही. तोंडी नाही, लेखी. आणि तो कागद घेऊन बँकेत हप्ते वाढवून मागायचे. "मला मंजूर करायचा अधिकार नाही," गौरांग म्हणाला, "पण साहेबांपुढे मीच ठेवतो." कौशल्याबाई म्हणाल्या, भिशीतल्या बायकांच्या घरी जुने कुलर खडखड करून राहिले, त्यांना मी पाहते.

ऋषी उठून माझ्याजवळ आला. मी मान खाली घातली. "ताई," तो म्हणाला, "यापुढं भावोजींनी कागद आणला, का मी वाचून सही करीन." मग पाटावर परत जाऊन बसला. माझी वहिनी जेवायला लागली. मला तेवढं पुरे होतं.

आता एकच राहिलं होतं. विक्री किती झाली, हे सगळ्यांना सगळ्यांसमोर कळलं पाहिजे, असं मुग्धा म्हणाली. दर महिन्याला एकदा बसावं लागेल.

"बसू ना," मारोतराव म्हणाले. "इथंच बसू. पहिल्या रविवारी. सारे जण."

"जेवणासहित," दुर्गेश म्हणाला.

"पाटोडीचा रस्सा असाच ठेवजो वं," कौशल्याबाई म्हणाल्या.

मुग्धाला मी मोठ्या आशेने विचारलं, हे कायद्यात बसतं का. तिने ताक पिऊन सांगितलं, "सगळे सारखंच जेवतात ना काकू, मग काही हरकत नाही."

तर माझं ऐका. तुमच्या घरावर अशी वेळ आली, देव न करो, तर घाबरून दार लावून बसू नका. आधी चांगल्या वकिलाला विचारा. दागिने तांदळात पुरू नका. जामीन राहिलेल्याला सगळ्यात आधी सांगा, मी केलं तसं पुरण वाढून नाही. आणि मग सगळ्या घेणेकऱ्यांना माझ्यासारखं एका पंगतीला बसवा. हे नक्की करा. फक्त त्या दिवशी कढीत मीठ जरा जास्त पडू द्या. माझ्याकडे उद्या पुन्हा पहिला रविवार आहे, आणि गौरांगचं लग्न ठरलंय म्हणे. तो बायकोला घेऊन येतो आहे.