भीमरावअण्णांचा पत्रा

भीमरावअण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी छपराची विचारपूस करत, मग माणसांची. दारात उभं राहून छत्रीचं टोक वर पत्र्याला दोनदा ठोकायचं, डोळे मिटायचे आणि आपण "या, बसा" म्हणालो की म्हणायचं, "स्वल्प थांबा, ऐकू द्या." आमच्या न्हाणीघराचा पत्रा त्यांनी पहिल्याच भेटीत नापास केला.

मल्लेश्वरमला त्यांच्या शेजारी आम्ही राहायला आलो ते पुण्याहून, माझ्या नोकरीपायी. अण्णांचं घराणं मात्र पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचंच. घरात मराठी, पण तिच्यात कानडी असं मिसळलेलं की निम्मं मला अंदाजाने समजून घ्यावं लागे. त्यांच्या पत्नी राधक्का अतिशय गोड स्वभावाच्या. काहीही विचारा, हसून "सरी, सरी" म्हणत, म्हणजे बरं, बरं. शिका जरा त्यांच्याकडून, असं माझी बायको मला ऐकवायची.

अण्णांच्या स्वयंपाकघरावरची कौलं गळायला लागली होती आणि तिथे पत्रे घालायचे होते. एवढ्याशा कामासाठी त्यांनी सिटी मार्केटातली पत्र्यांची सगळी दुकानं पालथी घातली. एका रविवारी मलाही ओढून नेलं. दुकानदाराने सिमेंटचा नालीदार पत्रा पुढे केला. तेव्हा त्याचं भारी कौतुक होतं. तापत नाही, गंजत नाही, पाऊस पडला तर कळतसुद्धा नाही. अण्णांनी टिचकी मारली आणि तोंड वाकडं केलं. "सद्दु बेकु," ते म्हणाले. दुकानदार बघतच राहिला. पुढच्या दुकानातही तेच, "सद्दु बेकु." बेकु म्हणजे हवं, एवढं कानडी मला येत होतं. अण्णांना साधू हवाय, असं मी घरी येऊन बायकोला गंभीरपणे सांगितलं. या वयात होतं तसं, असं तीही म्हणाली, आणि राधक्कांची आम्हा दोघांना फार काळजी वाटली.

पुढच्या रविवारी मी अण्णांना हळूच विचारलं, कसला साधू शोधताय? ते भर रस्त्यात थांबून हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सद्दु म्हणजे आवाज. हसू ओसरलं, पाणी मात्र थांबेना.

"हिला ऐकू येत नाही हो," ते म्हणाले. "सरी सरी म्हणून निभावून नेते. पूर्वी मला पाऊस दिसायच्या आधी हिला ऐकू यायचा. आतून ओरडायची, अहो, पाऊस, कपडे काढा. उभा जन्म त्या ओरडण्यावर चिडलो मी. आता कपडे भिजतात आणि कुणी काही म्हणत नाही. मोठा आवाज पोचेल कदाचित, डॉक्टर म्हणाले. तेवढं एकदा ऐकायचंय मला."

त्यानंतर मीही पत्रे ठोकू लागलो. शेवटी एक पातळ जस्ती पत्रा सापडला. दुकानदार सज्जन माणूस. घरावर घालू नका, म्हणाला, पावसात एकमेकांचं बोलणं ऐकू येणार नाही. अण्णांनी तोच पसंत केला.

पत्रे चढले आणि पाऊस रुसून बसला. अण्णा रोज संध्याकाळी वाळलेलेच कपडे पुन्हा दोरीवर नेऊन घालत. अखेर एकदा आम्ही त्यांच्याकडे कॉफीला गेलो असताना पाऊस कोसळला. पत्र्यांनी असा गोंगाट मांडला की माझ्या बायकोने कान झाकून घेतले. राधक्का खाली मान घालून शेंगा सोलत होत्या. अण्णा दारात उभे राहून त्यांच्याकडे नुसते बघत होते. मला ते बघवेना.

राधक्कांनी मान वर केली. "अहो, पाऊस," त्या ओरडल्या. "कपडे काढा."

अण्णा धोतर सावरत धावले. माझ्या बायकोने कानाला हात लावून खुणेने विचारलं, ऐकू आलं? राधक्कांनी नाही म्हणून मान हलवली.

"त्यांचं तोंड बघितलं," त्या म्हणाल्या. "किती हिंडले हो त्या पत्र्यापायी."

अण्णा निथळत आत आले, ओले कपडे पोटाशी धरून. "ऐकलं तिने," ते मला म्हणाले. "ऐकलं ना हो?"

राधक्का माझ्याकडे बघत होत्या.

"सरी, अण्णा," मी म्हटलं. "सरी, सरी."