धुऱ्यावरचं परराष्ट्र धोरण

अनसिंगमध्ये नालीचा विषय निघाला की बाबारावजी आधी चीनवर बोलतात.

एकदा ग्रामसभेत एका बाईनं उठून सांगितलं, की वरच्या आळीचं सांडपाणी तिच्या दारात येतं. सरपंच उत्तर द्यायला उठेपर्यंत बाबारावजींनी धोतराचा सोगा सावरला होता. "ताई, पानी वरून खाली येते. आता ब्रह्मपुत्रेचंच पाहा." मग तिबेट आला, धरणं आली, हिमालय आला. ती बाई मधेच घरी जाऊन भाजी फोडणीला टाकून आली, तेव्हा बाबारावजी नुकतेच अरुणाचलात उतरत होते. नाली अजून तशीच आहे. पण ब्रह्मपुत्रा कुठून कुठे वाहते, हे आमच्या गावातल्या शेंबड्या पोराला विचारा.

बाबारावजी जुन्या वळणाच्या पक्षाचे जुने पुढारी. देश, परंपरा, शिस्त हे शब्द ते देवाचं नाव घ्यावं तसे घेतात. दिल्ली राहू द्या, अकोल्याच्या पलीकडेही ते फारसे गेलेले नाहीत. परराष्ट्र धोरण ते धुऱ्यावर शिकले. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. आमच्याकडे त्यावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या मयतीला जात नाहीत.

"ज्याले धुरा समजला त्याले जग समजलं," असं ते हॉटेलात बसून सांगतात. "एक शेजारी दर सालच्या वखरणीले एक तास, एक रेघभर, इकडे सरकते. तो पाकिस्तान. दुसरा धुऱ्यावर झाड लावते. सावली आपल्या पिकावर, लाकूड त्याचं. तो चीन. रशिया जुना सोयरा. पत्रिका नाई आली तरी लग्नाले जा लागते."

"आणि अमेरिका?" मी विचारलं.

"त्याच्या विहिरीवर सारेच पानी भरतात. पन मोटर कोन्या दिवशी बंद करन, भरोसा नाई."

हे ऐकून मला राग यायचा. राग येणं हा माझा पूर्णवेळ व्यवसाय आहे. वडील दर सभेहून पत्रकं आणायचे. बाकीची पोरं चित्रांच्या गोष्टी वाचत होती, तेव्हा मी 'बंधूंनो, आता तरी जागे व्हा' वाचत होतो. त्याचा परिणाम व्हायचा तो झालाच. वरणात मीठ कमी पडलं की मी आईकडे मीठ मागायचो नाही, निषेध नोंदवायचो. एका मुलीला लिहिलेल्या पहिल्या चिठ्ठीत चार मागण्या होत्या आणि शेवटी तीव्र आंदोलनाचा इशारा. तिनं दखल घेतली नाही.

गावानंही घेतली नाही. माझी पत्रकं भज्यांखाली जायची. ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस गावात एकच, आणि बहुतेक पत्रकं त्याच्याच विरोधात असायची. बाबारावजी हॉटेलात उभे राहून ती मोठ्यानं वाचत, अगदी मी लिहिताना मनात म्हणायचो तशी. स्वतःला दिलेल्या शिव्या इतक्या सुरात वाचणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझं नावही त्यांनी 'पत्रक' ठेवलं होतं. "काय पत्रक, आज कोनाचा निषेध?"

एकदा त्यांनी चिनी मालावर बहिष्कार पुकारला. मी पत्रक काढलं, की आपल्या शिवारभर पिकणारं सोयाबीनसुद्धा मूळचं चीनचं आहे, तेही उपटा. बाबारावजींनी ते वाचून दाखवलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "आलं असन बापा तिकून. पन आपल्या मातीत रुजलं, आपल्या ढोराइनं त्याचं कुटार खाल्लं. मंग ते आपलंच झालं."

"मग भाऊ, माणसालाही हाच नियम लावा."

"मानसाचं येगळं हाय."

"काहून?"

"ते उद्या सांगतो."

तो उद्या काही आला नाही.

आमचा खरा खटका उडाला तो चुलीवरून. चौकातल्या सभेत ते म्हणाले, "राष्ट्र म्हंजे एक घर, एक चूल." मी खालून विचारलं, "भाऊ, त्या चुलीपासून माझ्या आज्याला किती लांब बसवायचे?" आमची बौद्धांची वस्ती आजही गावाच्या कडेला आहे, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. त्यांनी भाषण तिथंच आटोपलं. सभा संपल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "हे पत्रकात लिय. इथं कोनी ऐकून नाई राह्यलं." मी लिहिलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी तेही हॉटेलात वाचलं, एक शब्द न गाळता. मत मात्र बदललं नाही. माझंही नाही.

यंदा त्यांच्या पक्षाचा मेळावा अनसिंगलाच ठरला. काळा चष्मा घालणारा नवा तालुकाध्यक्ष आला होता. बसस्टँडवर लागलेल्या फलकावर त्याचा फोटो ट्रॅक्टरएवढा आणि बाबारावजींचा खालच्या ओळीत, काडेपेटीएवढा. त्या दुपारी बाबारावजी पहिल्यांदाच आमच्या घरी आले. आईनं खुर्ची पुसून दिली, चहा ठेवला. त्यांनी तो मुकाट्यानं घेतला. एरवी चहा पाहिला की ते इंग्रजांवर घसरतात.

"मले शाल देऊन राह्यले," ते म्हणाले.

"चांगलंच आहे."

"काय चांगलं हाय? शाल ज्याले देतात त्याले माईक देत नाईत. शाल घेतली का मानूस संपला."

मी म्हणालो, "पण भाऊ, तुमचेच विचार आता सगळीकडे आहेत. टीव्ही लावला की तेच."

"तेच तं. घरी सून टीव्ही लावते. त्यातले सारेच माह्यासारखे बोलतात, अन् माह्यापेक्षा मोठ्यानं. मंग म्या बोलाले लागलो का सून म्हनते, मामंजी, आवाज येऊन नाई राह्यला." त्यांनी बशी खाली ठेवली. "पत्रक, एक काम कर. माह्या विरोधात पत्रक काढ. जबरी. तालुकाध्यक्षाले वाटलं पायजे, का ह्या बुढ्याले अजून कोनी भेते."

माझ्या तत्त्वांना अशी परिस्थिती ठाऊक नव्हती. विरोधकाच्या विनंतीवरून त्यालाच विरोध करावा का, यावर वडिलांच्या एकाही पत्रकात काही नव्हतं. मी लिहायला बसलो. ते शेजारी बसून दुरुस्त्या सांगत होते.

"'ज्येष्ठ' काहून लियलं? काढ ते. 'घातक' लिय."

"तुम्ही घातक नाही वाटत, भाऊ."

"तू लिय नं. वाटतो का नाई, ते लोक पाहतीन."

मी 'घातक' लिहिलं. चूल आणि सोयाबीनही पुन्हा लिहिलं, कारण ते माझं खरं मत होतं.

पत्रक लागू पडलं. मेळाव्यात तालुकाध्यक्षानं ते स्टेजवरून फडकावलं, "विरोधक ज्यांना घाबरतात" असं म्हणाला आणि शालीसोबत माईकही दिला. पण तेवढ्यात मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगाला मसालेभाताचं झाकण उघडलं. बाबारावजी "आंतरराष्ट्रीय परिस्थिती" म्हणेपर्यंत निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या आणि ते हिमालयात पोचेपर्यंत उरलेल्या. तालुकाध्यक्ष मोबाइल पाहत होता. बाबारावजी रिकाम्या खुर्च्यांना सांगत होते, की हा देश एका मुशीतून ओतलेला आहे. आवाज खाली खाली जात होता.

मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. कशासाठी, ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. एकदम ओरडलो, "साफ चूक! देशावर प्रेम करायला सगळे सारखेच कशाला पाहिजेत?"

हातात ताटं घेतलेले लोक वळले. काहीतरी होणार म्हणून चार जण परत आले, मग दहा-बारा. दोन कार्यकर्ते बाह्या सरसावत माझ्याकडे निघाले.

"हात लावू नोका त्याले," बाबारावजी माईकवरून म्हणाले. "तो माहा विरोधक हाय."

मग त्यांनी उत्तर दिलं. ते उत्तर मला आजही पटलेलं नाही. पण काय आवाज लागला होता! पाठ सरळ, शाल खांद्यावरून घसरलेली, भातात बोटं थांबलेली माणसं पुढे सरकलेली. उत्तर संपलं. लोक पुन्हा ताटांकडे पाहायला लागले.

बाबारावजींनी माईक कमरेशी धरला, स्टेजच्या कडेला आले आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "आनखी एक विचार नं बे."