चार बंब आणि रोझाकाकूंचा मुरंबा

आगीपासून बचाव करायचा तर आधी शेजाऱ्यापासून बचाव केला पाहिजे, हे तत्त्व आमच्या बेलाव्हार गावाला १९११ साली उमगलं. त्याआधी गाव अज्ञानात होतं. एक बंब, बावीस माणसं, आणि आग लागली की जो जवळ असेल त्याने पंप मारायचा. तो हंगेरियन, जर्मन, सर्ब की रुमानियन, हे कोणी विचारत नसे. (आग विझायची, पण स्वाभिमानाशिवाय.) मी त्या दलाचा चिटणीस होतो, हे सांगताना आज संकोच वाटतो.

जागृती आणली औषधवाले लायोश केरेकेश यांनी. "पंप मारा" हा हुकूम हंगेरियनमध्येच दिला जावा, असा ठराव त्यांनी मांडला.

"मग आगही तुझ्या भाषेतच विझव!" असं म्हणून धान्याचे व्यापारी जीव्को राडाकोव आपले सर्ब घेऊन उठून गेले. महिन्याभरात बेकरीवाल्या क्रेमरांनी जर्मन दल काढलं. कालव्यापलीकडच्या रुमानियनांकडे सगळी दलदल, जळण्यासारखं काही नाही. पण मागे कसं राहायचं? त्यांनीही काढलं.

जुन्या बंबाची न्याय्य वाटणी झाली. टाकी हंगेरियनांना, नळी सर्बांना, पितळी तोटी जर्मनांना, चाकं रुमानियनांना. मग प्रत्येकाने नवा बंब घेतला आणि नळीचे आटे मुद्दाम वेगळे पाडून घेतले, परक्याचं पाणी आपल्या नळीत शिरायला नको म्हणून.

त्यानंतर शांततेसाठी करार झाले. केरेकेशांवर संकट आलं तर क्रेमरांनी धावून जायचं. राडाकोवांवर आलं तर रुमानियनांनी. ही निव्वळ खबरदारी आहे, असं चौघांनीही लिहून दिलं. १९१४ च्या उन्हाळ्यातली स्थिती: दलं चार, जवान एकशे चाळीस, झेंडे नऊ, संचलनगीतं पाच, वर्षभरात आगी शून्य. हे शून्य सगळ्यांनाच खटकत होतं.

जुलैतल्या एका रविवारी भर दुपारी रोझाकाकू विंकलर अंगणात जर्दाळूचा मुरंबा ढवळत होत्या. आई सर्ब, दिवंगत नवरा जर्मन, कोंबड्यांशी बोलणं हंगेरियनमध्ये. म्हणजे राष्ट्रीयदृष्ट्या अत्यंत बेजबाबदार बाई. ठिणगी उडाली आणि बोरूच्या छपराने पेट घेतला.

राडाकोवांचं दल पाच मिनिटांत हजर झालं. पण घर हंगेरियन गल्लीत!

"ए राडाकोव, नळी मागे घे!" केरेकेश दुकानाच्या पायरीवरून ओरडले. "ही आमची आग आहे!"

"तुझी? नाव लिहिलंय तिच्यावर? बाईची आई आमची होती!"

"जीव्को, मेल्या, आधी पाणी मार!" काकू बादली आपटत किंचाळल्या.

"काकू, तुम्ही मध्ये पडू नका," राडाकोव अदबीने म्हणाले. "हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

केरेकेशांनी बिगुल वाजवला. करारानुसार क्रेमर आले. "मला कशाला भांडायचंय हो," ते माझ्या कानात पुटपुटले, "पण सही करून बसलोय ना!" क्रेमर आले म्हणून रुमानियन आले. एकोणीस मिनिटांत चारही दलं जागेवर. गावाच्या इतिहासात एवढी तत्परता कधी दिसली नव्हती.

पहिली धार कोणी मारली यावर मतभेद आहेत. ती आगीवर पडली नाही, यावर मात्र एकमत आहे.

मी आणि काकू बादल्या ओतत होतो. पण चार पंपांनी विहिरी कोरड्या केल्या, आणि आमची बादली चिखल घेऊन वर आली. काकूंचं घर गेलं, पाठोपाठ शेजारची अकरा. संध्याकाळी काकू पालथ्या कढईवर बसल्या होत्या, भुवया जळालेल्या. रडल्या नाहीत.

"चिटणीस," त्यांनी विचारलं, "जिंकलं कोण?"

इतिवृत्त अजून मंजूर झालेलं नाही, असं मला सांगावं लागलं.

पुढच्या काही दिवसांत मोठमोठ्या राजधान्यांनीही आपापले करार कपाटातून बाहेर काढले आणि आमच्या एकशे चाळीस जणांना आगगाडीत बसवलं. स्टेशनवर बँड होता, फुलं होती. सगळ्यांना सम्राटाच्या फौजेचा एकच गणवेश मिळाला, आणि हुकूम जर्मनमध्ये. केरेकेशांनी हरकत घेतली नाही. डब्याच्या पायऱ्या चढताना राडाकोवांनी त्यांना हात दिला. करारात तसं कलम नव्हतं. परत आले एकतीस. त्यांत हे दोघं नव्हते, क्रेमरही नव्हते.

आता, इथवर वाचताना चूक खरी कोणाची, याचा निकाल तुम्ही मनाशी लावला असेलच. चौघांपैकी एकाची बाजू जरा तरी बरोबर वाटली असेल. संकोच नको, नाव-पत्ता कळवा. त्या दलात जागा रिकाम्या आहेत.