साहेबांच्या वाट्याचे बांगडे

लाच म्हणजे काय, हे अख्ख्या तालुक्यात माझ्याइतकं कुणालाच कळत नाही! ओरोसला दिवसभराचं प्रशिक्षण घेऊन आलोय मी. जेवणासकट! गेलो साधा कारकून, परत आलो तो कार्यालयाचा 'दक्षता प्रतिनिधी' होऊन.

"पगार वाढलो?" बायकोने, नम्रताने, विचारलं.

"मान वाढलो!"

तिने कुकर लावला.

आमच्या कार्यालयात होमस्टेचे परवाने मिळतात. कसे मिळतात ते विचारू नका. आमच्या देवबागची इमेल्डा त्यासाठी कित्येक वर्षं खेपा घालत होती. नवरा सांतान मासेमारीवर, म्हणजे घर सगळं समुद्राच्या मर्जीवर. म्हणून बिचारीने घरामागे दोन खोल्या बांधल्या. भिंतींचा रंग उडाला, पण परवान्यावर सही काही होईना. मग लातूरकडून काळदाते साहेब बदलून आले. चहासुद्धा स्वतःच्या पैशाने पिणारा माणूस! फाइल वाचली आणि म्हणाले, "सोमवारी सही करतो." इमेल्डा रडलीच.

आणि रविवारी सकाळी साहेब समुद्र बघायला देवबागला आले.

किनाऱ्यावर रापण ओढायचं काम चाललं होतं. एवढं मोठं जाळं, दोन्हीकडून माणसं दोरी खेचतायत, ते बघून साहेबांना राहवेना. पँट दुमडली आणि धरली दोरी! आमच्याकडची रीत अशी, की रापणीच्या दोरीला हात लावला की माशांचा वाटा मिळतो, मग तो कुणी का असेना. सांतानने साहेबांच्या पिशवीत बांगडे ओतले. मीही ओढत होतो, माझ्याही पिशवीत ओतले. पण माझ्या डोक्यात प्रशिक्षण घुसलेलं! रोख किंवा वस्तुरूपात... अर्जदाराच्या नवऱ्याकडून... तेही सहीच्या आदल्या दिवशी!

साहेबांचा फोटो काढला आणि प्रशिक्षणाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. 'ही लाच होते का? मार्गदर्शन व्हावे.' शंका हो, नुसती शंका!

दुपारपर्यंत बांगड्यांची पापलेटं झाली. संध्याकाळी कुठल्याशा वाहिनीवर सुरमईची टोपली! सोमवारी साहेबांनी पेन उघडायच्या आत चौकशी अधिकारी दारात हजर.

"मासे का दिलेत?" त्यांनी सांतानला विचारलं.

"दोरी ओढल्यानी, म्हणान वाटो दिलंय. जो ओढता तेका मेळता."

अधिकारी घाटावरचे, मालवणी कळेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी शर्ट नीट केला आणि अस्सल सरकारी मराठीत सांगितलं, "साहेबांनी केलेल्या साहाय्याबद्दल अर्जदाराच्या पतीने मासे दिले, असं त्यांचं म्हणणं आहे."

लिहून झाल्यावर माझी ट्यूब पेटली. "अहो, दोरी ओढायचं साहाय्य!"

"इथे सही करा," अधिकारी म्हणाले.

काळदाते साहेबांची बदली झाली. जाताना मला म्हणाले, "बांगडे मात्र छान होते हो." रागावले असते तर परवडलं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नव्या साहेबांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "मी माशाला शिवतसुद्धा नाही!" मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच. इमेल्डा आत गेली आणि लगेच बाहेर आली. चेहरा पांढराफटक.

"काय म्हटल्यानी?"

"मासे खायनत नाय ते. काय खातत, ता शिपायान भायर सांगल्यान. दोनय खोल्यो इकलंय तरी पुरे पडाचे नाय!"

"आपण तक्रार करूया!"

इमेल्डाने हातच जोडले. "नको रे बाबा! एकदा केलंस मां? बरो मनीस गेलो."

खोल्या या नाताळातही बंदच. मी काय करणार? दर रविवारी रापण ओढायला जातो, तेवढाच सांतानला हातभार. परवाही ओढली, हात सोलवटेपर्यंत. वाटे पडले. सांतान एकेकाच्या पिशवीत मासे ओतत आला. मी माझी पिशवी पुढे केली. तो सरळ पुढच्या माणसाकडे गेला.

"सांतान, माझो वाटो?"

"तुका नको, गुरू. तू सरकारी माणूस. उगाच खंयतरी फोटो येतलो."

रापण ओढून रिकामी पिशवी घेऊन घरी जाणारा अख्ख्या किनाऱ्यावरचा पहिला माणूस मीच असेन. आणि नम्रताने वाटण करून ठेवलं होतं.