कैलासवासी पुंजाजींची भरती

"साहेब, नवा फॉर्मॅट येऊ द्या नाई त त्याचा बाप येऊ द्या! मी बसलो हावो ना इथं!"

अकोल्याच्या त्या दवाखान्यात भगवंतरावांनी छाती ठोकून हे जाहीर केलं, तेव्हा डॉक्टरसाहेबांच्या कपातला चहा बशीत सांडला. विम्याचे कागद जोडण्यात भगवंतरावांची निम्मी हयात गेली होती. पण सोमवारपासून कागद बंद! विमा कंपनीचे सगळे क्लेम नव्या इलेक्ट्रॉनिक फॉर्मॅटमध्येच जाणार. त्याआधी, त्याच दिवशी म्हणजे शनिवारी पाचपर्यंत, एक सराव-क्लेम पाठवून मंजूर करून घ्यायचा होता. नाही जमलं, तर डॉक्टर क्लेम भरून देणारी अमरावतीची एजन्सी लावणार आणि भगवंतरावांना औषधांची खोकी मोजायला बसवणार. डॉक्टर असं तोंडाने बोलले नव्हते, पण हल्ली एजन्सीवाल्याचा फोन आला की ते फार गोड बोलायचे.

सराव म्हणजे काय, तर आजार खोटा, भरती खोटी, पण विम्याचं कार्ड खऱ्या माणसाचं. त्याशिवाय फॉर्मॅट पुढे सरकतच नव्हता.

"सिस्टर, तुमचं कार्ड द्या बरं. नुस्ता सराव हाय. हार्टचं लिवतो."

प्राजक्ता सिस्टर भिंतीपर्यंत मागे सरकल्या. "माह्या नावावर हार्ट? नाई बाप्पा!"

"विपुल, तू त जवान मानूस हायेस..."

"काका, माहं लगन जुळून राह्यलं, आन तुमी मले किडनी देता?" कॅश काउंटरवरचा विपुल ओरडला.

"बरं, साधा टायफाइड लिवतो."

"टायफाइड कोनाले साधा असते?"

हसू नका! जित्या माणसाच्या नावापुढे दुखणं लिहिलं की ते त्याच्या मागे लागतं, यावर त्या दवाखान्यात कुणाचंच दुमत नव्हतं. डॉक्टरसाहेबांना विचारलं, तर त्यांनी आपलं कार्ड ड्रॉवरमध्ये टाकून वरून कुलूप लावलं. भगवंतरावांनी स्वतःचंही नाव टाकून पाहिलं. आजाराच्या रकान्याशी आले आणि त्यांचा हात आपोआप छातीवर गेला. नाव पुसून टाकलं.

आणि मग एकदम सुचलं. सासरे! रागिनीचे, म्हणजे बायकोचे वडील, पुंजाजी जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्या आजारपणाचे सगळे कागद भगवंतरावांच्याच मोबाइलमध्ये होते, आणि घरच्या विम्यातून त्यांचं नाव काढायचं राहूनच गेलं होतं.

"मामाजीचं आता काय बिघडनार हाय!" असं म्हणून भगवंतरावांनी पुंजाजींना हार्ट अटॅक दिला, अतिदक्षता विभागात टाकलं आणि बटण दाबलं. गेला क्लेम! त्यांनी सगळ्यांना आपल्या खिशातून चहा पाजला.

एकच गोष्ट त्यांना माहीत नव्हती. नवा फॉर्मॅट पेशंटच्या घरी मेसेज पाठवतो.

सासूबाई, मैनाबाई, बाळापूरला मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. मोबाइल वाजला. 'आपले रुग्ण पुंजाजी यांना अतिदक्षता विभागात दाखल केले आहे. प्रकृती स्थिर आहे.'

"जवाईबापू," फोनवर त्यांचा आवाज आला, "रागिनीचे बाबा कुठी भरती हायेत?"

भगवंतराव खुर्चीतून उठून उभे राहिले. "मामी, थे... थे सराव करून राह्यलो."

"मेलेल्या मानसाचा?" आणि फोन बंद!

भगवंतराव धावत कॉम्प्युटरपाशी गेले. क्लेम रद्द करायचा? आधी रुग्णाला डिस्चार्ज द्या. डिस्चार्ज द्यायचा? रुग्णाचा आजचा फोटो जोडा. फोटो कुठून आणणार! मग त्यांनी मन घट्ट करून 'रुग्णाचा मृत्यू' निवडलं आणि मोबाइलमधला दाखला जोडला. पडद्यावर लाल अक्षरं उमटली. 'मृत्यूची तारीख भरतीच्या आधीची असू शकत नाही.'

"अरे, पन थे आधीच गेले ना बाप्पा!" भगवंतरावांनी कॉम्प्युटरला हात जोडले.

तेवढ्यात दारात मैनाबाई उभ्या! बाळापूरहून मिळेल त्या जीपने आलेल्या, हातात डबा.

"मामी, डबा काहून?"

"दवाखान्यात रिकाम्या हातानं येते का कोनी?" त्या बाकावर बसल्या, पदराने डोळे पुसले. "मले काय मालूम नाई का थे नाईत म्हनून? पन 'प्रकृती स्थिर' वाचलं, आन घडीभर बरं वाटलं, जवाईबापू. तवा कोनी असं म्हनलंच नवतं."

भगवंतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्यात विमा कंपनीच्या अमरावतीच्या ऑफिसातून चंद्रभान नावाच्या साहेबांचा फोन आला. "भगवंतराव, तुमी मेलेला मानूस भरती केला म्हन्ते!"

भगवंतरावांनी खरं ते सगळं सांगून टाकलं. कार्ड कुणी देत नव्हतं, हेही सांगितलं.

"कोनाले सांगू नका," साहेब हळूच म्हणाले. "आमच्या इथच्या सरावात माहा आजा हप्त्यापासून व्हेंटिलेटरवर हाय. कार्ड कोन देते हो! तुमचे सासरे मी इकडून काढून टाकतो. पन पाचच्या आत दुसरा क्लेम धाडा. आन जित्या मानसाचा धाडा!"

भगवंतरावांनी डोक्याला हात लावला. आता झालीच एजन्सी! मैनाबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी कमरेची पिशवी सोडली, आपलं कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"लिवा माह्या नावावर."

"मामी, दुखनं लागन ना!"

"लागू द्या. तुमची खुर्ची गेली त माह्या पोरीच्या जिवाले घोर लागन."

भगवंतरावांना भरून आलं. त्यांनी आजारांची यादी उघडली. हार्ट? छे! किडनी? नको. अपेंडिक्स? सासूबाईंच्या नावापुढे अपेंडिक्स आणलं आणि कळ त्यांच्याच पोटात आली. लकवा, कावीळ, मूतखडा... अशा देवमाणसाच्या माथी यातलं मारायचं तरी काय? पाच वाजायला आले. विपुल आणि सिस्टर मागे श्वास रोखून उभे. तेवढ्यात भगवंतरावांना यादीच्या तळाशी एकच गोष्ट अशी दिसली, की जिचा अपशकुन होतच नाही. उलट लोक पेढे वाटतात! त्यांनी डोळे मिटून तीच निवडली आणि बटण दाबलं.

मेलेल्या माणसाचा आजचा फोटो मागणाऱ्या त्या फॉर्मॅटने या वेळी एकही प्रश्न विचारला नाही. हिरवी अक्षरं आली. मंजूर! डॉक्टरसाहेब बाहेर येऊन भगवंतरावांच्या पाठीवर थाप मारून गेले. विपुलने शिट्टी वाजवली.

मैनाबाईंचा मोबाइल वाजला. त्यांनी तो हातभर लांब धरून मोठ्याने वाचला.

"अभिनंदन! आपली प्रसूती सुखरूप झाली आहे. बाळ-बाळंतीण दोघेही ठणठणीत आहेत."

भगवंतरावांनी मान खाली घातली ती वर करेनात. सत्तरीच्या मैनाबाईंनी मेसेज पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचला, मागे-पुढे करून पाहिला आणि जावयाकडे रोखून बघितलं.

"जवाईबापू, पोरगं झालं का पोरगी, थे त लिवलंच नाई!"