आवाज किती लांबून येतो?

चुडाव्याच्या स्टेशनावर गाडी दोन मिनिटं थांबायची. तेवढ्यात किसनतात्या तहानलेल्यांना पाणी देत आणि पाण्याच्या बदल्यात प्रत्येकाला एकच गोष्ट विचारत : "तुमच्या मुलखात धबधबा हाय का?"

खिडकीतून लोटा पुढं केलेला माणूस आधी चमके. स्टेशनावरचा पाणीवाला फार तर सुट्ट्या विडीची चौकशी करील, अशी त्याची समजूत. बहुतेक जण मान आडवी हलवत आणि तात्या बादली उचलून पुढच्या डब्याकडं पळत. एखाद्यानं "आहे की" म्हटलं, तर तात्यांचा दुसरा प्रश्न तयार असे : "त्याचा आवाज किती लांबून येतो?"

उंची किती, पाणी किती, रस्ता कसा, यातलं काही नाही. फक्त आवाज. एकदा बीडकडचे एक गृहस्थ रंगात आले. दरी कशी खोल, झाडी कशी दाट, उन्हात इंद्रधनुष्य कसं पडतं. तात्या कासावीस झाले. "शोभा ऱ्हाऊ द्या सायेब, आवाज बोला, आवाज!" गृहस्थांनी आवाजाला तोंड उघडलं आणि गाडी सुटली. तात्या बादलीसकट फलाटाच्या टोकापर्यंत धावले. पाणी सांडलं, माहिती मिळाली नाही.

निजामाचं राज्य जाऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. चुडाव्याला नवी मराठी शाळा निघाली आणि तिच्यावर माझी नेमणूक झाली. शाळेत मास्तर एकच असल्यामुळं हेडमास्तरही मीच होतो. हाताखाली कुणी नसताना वरिष्ठ असण्याचा परिणाम जिभेवर होतो. माझ्याही जिभेला धार आली होती. त्या धारेनं पुढं माझंच नाक कापलं, ते सांगतोच.

तात्यांची पाण्याची खोली फलाटाच्या कडेला होती. आत रांजण, बादल्या आणि मागच्या भिंतीवर इंजिनाच्या कोळशानं लिहिलेली सगळ्या मराठवाड्याची सहल. मी ती भिंत वाचायला रोज जाई.

"कपिलधार : हाकेवर. सौताडा : अर्धा कोस, सांगणारा थापाड्या वाटला. वेरूळ : पावसात हाय, एरवी न्हाई. अजिंठा : माहिती अर्धी, गाडी सुटली." आणि सगळ्यांत खाली, दोन रेघा मारून, "सहस्रकुंड : पुरात दोन कोस. तिघांनी सांगितलं."

साहेबांची तपासणी आली की स्टेशनमास्तर भिंतीला चुना मारवून घेत. साहेब गेले की तात्या पुन्हा पहिल्यापासून लिहीत. मूळ बेत आठ दिवसांचा होता. दरवर्षी चुन्याखालून बाहेर येताना त्यातला एकेक दिवस गळत गेला आणि शेवटी फक्त सहस्रकुंड उरलं.

संध्याकाळची गाडी गेली की फलाटावर सहलीची बैठक बसे. तात्यांचा जोडीदार रंगनाथ, गावातले दोन-तीन शेतकरी आणि विद्वान म्हणून मी. बैठकीत अडचण नेहमी एकच निघे. धबधब्याला पाणी असतं तेव्हा शेतकऱ्याला फुरसत नसते, आणि फुरसत मिळते तेव्हा धबधब्याला पाणी नसतं.

"आखाडात जावा," कुणी म्हणे.

"अन् पेरणी तुझा मामा करील?"

"मंग दिवाळीला."

"दिवाळीला काय खडक बघायला जायचं?"

यावर तोड तात्यांनीच काढली. पोळ्याचा दुसरा दिवस, म्हणजे कर. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. बैलाला सुट्टी म्हणजे मालकालाही सुट्टी, आणि नदी तर ऐन भरात. तात्यांनी मांडीवर थाप मारली. "इंतजाम पक्का हाय! पुरणाच्या पोळ्या घरच्या, सकाळची गाडी, मुदखेडला बदली, रात्री तिथल्याच टेसनावर पडायचं, दुसऱ्या दिशी माघारी." असा पक्का इंतजाम त्यांनी दरवर्षी केला होता आणि दरवर्षी पोळा येऊन गेला होता.

आता माझ्या नाकाकडं येतो. तात्यांची बायको, अनसाकाकू, माझ्याशी बोलत नसत. गावात नवा होतो तेव्हा त्यांच्या दारावरून जाताना मी मोठ्या अदबीनं "काय काकू, झाला का सैपाक?" असं विचारलं. त्या पाठमोऱ्या तांदूळ निवडत होत्या, निवडत राहिल्या. चार वेळा हाच अनुभव आल्यावर मी ठरवून टाकलं की बाई गर्विष्ठ आहे. शिकलेल्या माणसाचा निष्कर्ष असा झटकन निघतो.

त्या वर्षीच्या बैठकीत तात्या जरा अडखळत म्हणाले, "मी म्हणतो, घरच्यास्नी बी आणलं तर?"

ही संधी मी कशी सोडणार? "आणा की," मी म्हणालो. "पण काकूंना कशाला? त्या तर धबधब्याला सुद्धा उत्तर द्यायच्या नाहीत!"

कुणी हसलं नाही. मला वाटलं, विनोद वरच्या पातळीचा झाला, म्हणून मी तो समजावून सांगायला लागलो. तेवढ्यात रंगनाथ हळूच म्हणाला, "मास्तर, काकूला ऐकू येत न्हाई. मुदतीचा ताप आल्ता, तवापासून. आठ वर्सं झाली."

तात्या उठले. "गाडीची येळ झाली," म्हणाले आणि बादली घेऊन गेले. सकाळपर्यंत गाडी नव्हती.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी दोन्ही गाड्यांना मुकाट्यानं पाणी दिलं. कुणाला काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. माफी मागायला मी पाण्याच्या खोलीत गेलो, तर त्यांनी आधी मलाच लोटा भरून दिला.

"ऱ्हाऊ द्या मास्तर. तुमी गावात नवे, तुमाला काय ठावं?" मग रांजणाला टेकून बसले. "पूर्णेच्या हकीमसायबांनी सांगितलंय, कानाची नस मेली न्हाई, निजलीय. लय मोठ्या आवाजानं जागी व्हईल. म्हणून डायवरच्या पाया पडलो, इंजनाजवळ हिला उभी केली, शिट्टी मारायला लावली. ही म्हणली, धूर लय हाय. उरुसात दारूकामाखाली बसवली. म्हणली, उजेड छान पडला. पोळ्याला हलगीवाला कानाशी आणला. त्यालाच म्हणली, दमलास बाबा, पाणी पी."

मला हसू आलं आणि आल्याची लाजही वाटली. तात्या मात्र स्वतःच हसत होते.

"आधी लय बोलकी व्हती हो. दिसभर तीच बोलायची, मी नुसता हूं म्हणायचो. आता घरी गेलं की हूं म्हणायलाबी काई नसतं. लेकरूबाळ न्हाई. मी बोललेलं मलाच ऐकू येतं."

"मग आठ वर्षांत गेलात का नाही?"

ते बादलीच्या कडीशी खेळत राहिले. "रजा मागायची ऱ्हायली."

"आठ वर्षं?"

"मास्तर, हे शेवटचंच हाय. याच्याहून मोठा आवाज कुणी सांगितला न्हाई मला. तिथंबी न्हाई आलं, तर मंग?"

हेडमास्तरला येत होता तो अर्ज. तात्यांच्या नावानं मी रजेचा झकास अर्ज लिहिला आणि स्टेशनमास्तरांपुढं ठेवला. "यानं कधी मागितलीच नाही, नाहीतर केव्हाच दिली असती," म्हणत त्यांनी त्याच्यावर सही केली. आता तात्यांना पळायला वाट उरली नव्हती.

करीच्या दिवशी सकाळी आम्ही आठ जण निघालो. तात्या, काकू, रंगनाथ, काकूंच्या सोबतीला रंगनाथची आई, तीन शेतकरी आणि मी. काकूंच्या डोक्यावर पोळ्यांची दुरडी होती. मी त्यांना हात जोडले. त्यांनी माझ्याकडं नीट पाहून, जरा जास्तच मोठ्या आवाजात विचारलं, "जेवलात का, मास्तर?" माझ्या "झाला का सैपाक?"चं उत्तर इतक्या दिवसांनी मिळालं, असं मला वाटलं.

गाडीतून उतरून पायवाटेनं बरंच चाललो तेव्हा पहिला आवाज आला. पुलावरून मालगाडी जात असावी तसा, पण न संपणारा. तात्या थबकले आणि वळून काकूंच्या तोंडाकडं पाहत राहिले. काकूंना वाटलं, ते दमले. त्यांनी तात्यांच्या खांद्यावरचं गाठोडं काढून आपल्या काखेला मारलं आणि चालू लागल्या. पुढं दर शंभर पावलांवर तात्या मागं वळत होते. आवाज वाढत होता, काकूंचा चेहरा तसाच होता.

काळ्या खडकांवरून गढूळ पाणी असं कोसळत होतं की पायाखालचा दगड थरथरत होता. तात्यांनी काकूंचा हात धरून त्यांना जाता येईल तितकं जवळ नेलं. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ते ओरडले. तात्यांच्या मानेच्या शिरा फुगलेल्या मला दिसल्या. मी चार हातांवर होतो, मलाही शब्द ऐकू आला नाही. पुन्हा ओरडले. काकूंनी सावकाश मान आडवी हलवली आणि पदरानं तात्यांच्या तोंडावरचे तुषार पुसले.

झालं. आठ वर्षांचा इंतजाम तेवढ्यात संपला.

पुढं काय करायचं कुणाला कळेना, आणि बोलायची तर सोयच नव्हती. रंगनाथ निसरड्या खडकावर उभा होता. "मागं हो" म्हणून मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. मी पोळी मागतोय असं समजून तो मान डोलावत राहिला. रंगनाथची आई, जी मुदखेडपासून क्षणभर गप्प बसली नव्हती, ती तोंड उघडून मिटून शेवटी हतबल होऊन खाली बसली. आमची सगळ्यांची अशी दातखीळ बसलेली.

काकूंनी एकदा सगळ्यांकडं पाहिलं आणि त्या हसल्या. मग त्यांनी दोन बोटांच्या खुणेनं रंगनाथला मागं घेतला. तळहात खाली दाबून आम्हाला गोल बसवलं. कुणाला तूप हवं, कुणाला गुळवणी, हे त्यांनी भुवईनं विचारलं आणि आम्ही बोटांनी सांगितलं. एका शेतकऱ्याची नक्कल त्यांनी अशी हुबेहूब हातांनी करून दाखवली की आम्ही पोटं धरून हसलो, बिनआवाजाचे. माझ्याकडं बोट दाखवून त्यांनी नाक वर केलं, पुस्तक धरल्यासारखं केलं. तो मी होतो. दोन तास त्या बोलत होत्या आणि आम्ही सात बहिरे त्यांच्या तोंडाकडं पाहत होतो. तात्यांनी पोळीला हात लावला नाही. ते नुसते काकूंकडं बघत होते.

परत निघालो. आवाज हळूहळू मागं पडला आणि एका वळणाला रंगनाथच्या आईला कंठ फुटला. मग सगळेच एकदम सुटले. किती पाणी, कुणाचा पाय घसरला, मास्तरांची कशी जिरली. मीही मोठमोठ्यानं बोलत होतो. थोड्या वेळानं मागं पाहिलं तर काकू दूर थांबल्या होत्या. सात तोंडं एकाच वेळी हलत होती, त्यांनी कुणाच्या ओठांकडं पाहावं? एका दगडावर त्या बसल्या, आमच्याकडं पाठ करून.

तात्या माझ्याजवळ आले. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "न्हाई आलं तिला ऐकू." मग काकूंकडं बघत म्हणाले, "पर मास्तर, तिथं तुमालाबी न्हाई आलं."

"तात्या, अंधार पडेल."

"तुमी व्हा पुढं." ते मागं फिरले आणि काकूंच्या शेजारी दगडावर जाऊन बसले.

रंगनाथनं हाक मारायला तोंडाशी हात नेले, ते मी धरले. आम्ही सहा जण वाटेवर तसेच उभे राहिलो. लांबवर ती दोघं हातांनी काहीतरी बोलत होती. त्यातलं एक अक्षरही आम्हाला कळत नव्हतं.